अवघड ताट आधी : डिस्नी वर्ल्डमधील जेवणाखाण्याची रोजनिशी

बेळगाव, मार्च महिना

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागातली पुष्कळ मुले आता बेंगळूरात किंवा थेट अमेरिकेत नोकरीला आहेत आणि त्यामुळे फ्लोरिडातील वॉल्ट डिस्नी वर्ल्ड पाहून आलेली माणसे ओळखीत सहज भेटतात. राइड्स, आतषबाजी आणि गर्दी यांविषयी ती भरभरून सांगतात. पण ‘तिथे जेवलात कुठे?’ असे विचारले की ‘मिळते काही ना काही’ एवढ्यावर विषय संपतो. आमच्या घराला एवढ्या उत्तरावर निघता येण्यासारखे नव्हते. आई पंचाहत्तरीच्या पुढची, शाकाहारी, अंडे वर्ज्य, आणि संकष्टी चंद्रोदयाशिवाय न सोडणारी. सौ. शाकाहारीच आहे, परंतु केकमधल्या अंड्याचे तिला वावडे नाही. सूनबाईंना दूध आणि दुधाचे पदार्थ सोसत नाहीत. मुलगा आणि मी मटण-भाकरीवर वाढलेले. आणि सहा वर्षांच्या नातीला ताटात काय आहे यापेक्षा जेवताना टेबलापाशी कोण येणार यातच सगळा रस.

हा परिसर 1 ऑक्टोबर 1971 रोजी खुला झाला आणि त्याचा विस्तार सुमारे शंभर चौरस किलोमीटर आहे. त्यात मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम अशी चार थीम पार्क, दोन जलक्रीडा उद्याने, निवासाची पंचवीसहून अधिक हॉटेले आणि एक मोठा बाजार आहे. खाण्याच्या जागा तर शेकड्यांनी मोजाव्यात इतक्या. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक म्हणजे काउंटरवरून ताट उचलून आणण्याच्या जागा आणि दुसरा म्हणजे टेबलावर बसल्यावर वाढपी येऊन विचारतात ती रेस्टॉरंट. दुसऱ्या प्रकारातील नावाजलेल्या ठिकाणी आयत्या वेळी जागा मिळणे कठीण असते, कारण आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. परिसरातील हॉटेलात उतरणाऱ्यांना मात्र मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या साठ दिवस आधीच पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी टेबले एकदम राखून ठेवता येतात. तिथली सकाळी सहाची वेळ म्हणजे उन्हाळ्यात आपली दुपारी साडेतीनची. त्यामुळे हे काम शहापुरातल्या घरी दुपारच्या चहाला बसूनच करता आले.

त्याआधी घरात बसून आम्ही एक गोष्ट ठरवली होती आणि सगळ्या प्रवासाचा मेळ तिच्यावरच बसला. ज्याचे ताट सर्वांत अवघड, त्याची निवड आधी. मांसाहार करणाऱ्याला या परिसरात कुठेही उपाशी राहावे लागत नाही. त्याच्या आवडीने रेस्टॉरंट निवडले आणि मागाहून शाकाहारी माणसासाठी तिथे काय मिळते ते शोधले, तर त्या माणसाच्या वाट्याला पाव आणि तळलेले बटाटे येतात. आईच्या सोयीचे ठिकाण आधी पाहिले तर बाकीच्यांचे तिथे आपोआप भागते. दुसरा निर्णय असा की, बसून जेवायचे ते दिवसातून एकदाच. अशा जेवणाला तास-दीड तास सहज जातो, आणि पार्कचे तिकीट दिवसावर असल्यामुळे दोन वेळा बसणे म्हणजे दिवसाचा मोठा तुकडा तिकिटाच्या किमतीने खाणे होय.

जेवणाचे पैसे आगाऊ भरण्याची ‘डायनिंग प्लॅन’ नावाची सोय तिथे आहे. मुलाने तिचा हिशेब मांडला आणि ती सोडून दिली. ती घ्यायची तर खोलीतल्या तीन वर्षांवरील प्रत्येकासाठी आणि संपूर्ण मुक्कामासाठी घ्यावी लागते. दहा वर्षांपासून पुढे सगळेच प्रौढांच्या दरात येतात. आईचे जेवण म्हणजे अर्धी भाकरी आणि वाटीभर भात. तिच्या नावाने रोज प्रौढाचे पूर्ण पैसे भरणे कोणत्याच हिशेबात बसेना.

मे महिना, शनिवार : आगमन

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळूर, तिथून दुबई आणि दुबईहून ऑर्लँडो असा प्रवास झाला. सामानात शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाणा, दाण्याचे कूट आणि गोकाकचे करदंट होते. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर शिधा बांधून नेणारी आणि तिथेच चूल मांडणारी आपली माणसे. परक्या मुलखात रिकाम्या हाताने जाणे आईच्या कल्पनेतही बसत नव्हते. अमेरिकेत उतरताना खाण्याचा प्रत्येक जिन्नस कस्टम्सला सांगावा लागतो आणि ताजी फळे व मांस नेता येत नाही. आम्ही सगळे लिहून दिले, विचारले तिथे पिशवी उघडून दाखवली, आणि पुढे गेलो.

उतरलो ते आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या हॉटेलातील कुटुंबासाठीच्या मोठ्या खोलीत. ही निवडही जेवणाच्या दृष्टीनेच केलेली होती. इथे सहा माणसे राहू शकतात आणि खोलीत मायक्रोवेव्ह व लहान फ्रिज असतो. शेगडी नसते, त्यामुळे फोडणीचे स्वप्न पाहू नये. पण भाकरी मऊ करणे, वरण गरम करणे आणि दूध तापवणे एवढे झाले तरी घरातल्या वडीलधाऱ्यांची सकाळ नीट सुरू होते. ज्यांच्या घरी पथ्याचे माणूस आहे, त्यांनी पोहण्याचा तलाव आणि सजावट पाहण्याआधी खोलीत मायक्रोवेव्ह आहे की नाही हे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिथल्या अनेक स्वस्त खोल्यांत तो नसतो.

पहिल्या संध्याकाळी कुठेही टेबल राखलेले नव्हते. इतक्या लांबच्या प्रवासानंतर ठरलेल्या वेळी तयार होऊन बसणे कोणाच्याही जिवावरच आले असते. खालच्या फूड कोर्टमध्ये ज्याने त्याने आपापले ताट आणले, आईने मेतकूट-भात खाल्ला आणि आठाच्या आत सगळे झोपले.

रविवार : मॅजिक किंगडम

खोलीत चहा आणि भाकरी-चटणी खाऊन निघालो. पार्कमध्ये स्वतःचे खाणे नेता येते ही गोष्ट आपल्याकडच्या अनेकांना ठाऊक नसते. काचेची बरणी आणि सुटा बर्फ चालत नाही, आणि नेलेला पदार्थ तिथे गरम करून मिळण्याची अपेक्षा ठेवायची नसते, एवढीच बंधने. काउंटरच्या ठिकाणी बर्फ घातलेले साधे पाणी मागितले की फुकट मिळते. मे महिन्यातल्या तिथल्या दमट उन्हात सहा माणसांनी पाण्याच्या बाटल्या विकत घेणे आणि पेलाभर पाणी मागून घेणे यांतला फरक दिवसाअखेर चांगलाच जाणवतो.

दुपारसाठी पार्कच्या लिबर्टी स्क्वेअर या विभागातील कोलंबिया हार्बर हाउस ठरवले होते. हे काउंटरचे ठिकाण आहे आणि इथे मुख्यतः मासळी मिळते; कारवार-गोव्याच्या मासळीची सवय असलेल्या मला आणि मुलाला ते मानवणारे होते. पण ते निवडण्याचे खरे कारण वरचा मजला. खालच्या मजल्यावर गर्दी, ताटे घेऊन उभी राहिलेली माणसे आणि ढकलगाड्या. जिना चढून गेले की मात्र लाकडी तुळयांच्या शांत खोल्या लागतात, आणि त्यांतली एक तर खालच्या रस्त्यावरून पलीकडे गेलेल्या पुलावर आहे. खिडकीतून फँटसीलँडकडे जाणारी माणसे दिसतात. आईला तिथे बसवून सूनबाईंनी मोबाइलवरूनच ऑर्डर दिली. या मोबाइल ऑर्डरची रीत समजून घेण्यासारखी आहे. पदार्थ आणि साधारण वेळ सकाळीच निवडून ठेवता येते. त्या वेळी पोहोचल्यावर ‘आलो आहोत’ असे कळवणारे बटण दाबले की मग तुमचे ताट तयार होऊ लागते. रांगेत उभे राहून मेनू वाचायचा आणि मागच्या माणसांचा खोळंबा करायचा, हा प्रकारच त्यामुळे टळतो. आणि घाई नसल्यामुळे प्रत्येक पदार्थात काय आहे ते सावकाश पाहता येते.

मेनूवरच्या हिरव्या पानाच्या चिन्हाविषयी इथेच सांगतो. ते ज्या पदार्थापुढे असते, त्यात मांस, दूध, अंडे आणि मधसुद्धा नसतो. सूनबाईंना आणि आईला हे चिन्ह निर्धास्त होते. परंतु आपल्या शाकाहारापेक्षा ते कडक आहे. दही, चीज, लोणी घातलेल्या आणि आपल्याला चालणाऱ्या पदार्थांपुढे ते दिसत नाही, म्हणून केवळ पान पाहून निवड केली तर निम्मे चालण्यासारखे पदार्थ हातचे जातात. उलट, पान नसलेल्या भाताविषयी तो कोंबडीच्या पाण्यात शिजवला आहे का, आणि घेवड्याच्या उसळीत चरबी आहे का, हे दोन प्रश्न न चुकता विचारावेत. विचारल्याचा कोणालाही राग येत नाही; माहीत नसेल तर ते आतून विचारून येतात.

तीनच्या पुढे आभाळ भरून आले आणि विजांसह पाऊस कोसळला. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारचा पाऊस नेहमीचाच असतो. ज्यांना दिवसातून एकदा बसून जेवायचे आहे त्यांनी तीन ते पाच हीच वेळ धरावी : बाहेर ऊन किंवा पाऊस, आत थंडावा, आणि टेबलही सहज मिळते. पाऊस थांबल्यावर अ‍ॅडव्हेंचरलँडमधील अलोहा आइल येथे अननसाचे डोल व्हिप घेतले. आइस्क्रीमसारखे दिसणारे, पण दूध नसलेले. इतरांच्या हातातील आइस्क्रीमकडे रोज नुसते पाहणाऱ्या सूनबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा नातीच्या बरोबरीने खाल्ले.

संध्याकाळचे जेवण मात्र मनाला लागले. मुलाला फार आधीपासून जायचे होते अशा एका नावाजलेल्या रेस्टॉरंटात टेबल मिळाले होते. दर ठरलेला, तीन टप्प्यांचे जेवण, सजावट डोळे दिपवणारी. आईसमोर आल्या त्या पाण्यात उकडलेल्या भाज्या, वर मीठही बेताचे, आणि बिलात तिचा आकडा माझ्या मांसाच्या ताटाएवढाच. आई काही बोलली नाही. तिने बॅगेतली शेंगाचटणी काढली आणि भाजीवर घालून जेवली. पैशांपेक्षा मला त्यातला दुजाभाव अधिक बोचला. इतके पैसे मोजून बसलेल्या माणसाच्या ताटाकडे स्वयंपाकघराने तेवढ्याच आस्थेने पाहिले पाहिजे, मग ते ताट मांसाचे असो की भाजीचे.

सोमवार : एप्कॉट

आदल्या दिवसाच्या अनुभवाने एक शिस्त लागली. टेबलावर बसताच, पाणी येण्याच्याही आधी, ‘आमच्यात एक व्यक्ती अंडे व मांस खात नाही आणि एकीला दूध चालत नाही, आचाऱ्यांशी बोलता येईल का?’ असे विचारायचे. पथ्याविषयी सांगितले की टेबलाच्या रेस्टॉरंटांत स्वयंपाकघरातले माणूस बाहेर येऊन बोलते. आरक्षण करतानाही ही माहिती लिहिता येते, पण तोंडाने सांगण्याला पर्याय नाही.

एप्कॉट 1982 साली सुरू झाले. त्याच्या मागच्या भागात तलावाभोवती अकरा देशांची दालने आहेत : मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. भारताचे दालन नाही. फेरा जवळजवळ दोन किलोमीटरचा, सावली तुटक. तिथे भूक लागल्यावर ठिकाण शोधायला निघणे म्हणजे वृद्ध माणसाला उन्हात फिरवणे. म्हणून चाक असलेली खुर्ची भाड्याने घेतली आणि इटलीच्या दालनातील व्हिया नापोली हे ठिकाण आधीच नक्की केले. इथल्या लाकडावर चालणाऱ्या तीन भट्ट्यांना एटना, व्हेसुव्हियस आणि स्ट्राँबोली या ज्वालामुखींची नावे दिली आहेत, आणि त्यांची मोठी तोंडे बसल्या जागेवरून दिसतात. आईने भट्टीतून निघणारी पोळी, तिच्या कडेचे करपलेले फुगे आणि लांब दांड्याचे उलथणे बराच वेळ निरखले. ‘आच चांगली आहे,’ असा तिचा अभिप्राय पडला, आणि टोमॅटो, तुळशीच्या जातीची पाने व चीज घातलेल्या साध्या पिझ्झाचे दोन तुकडे तिने आवडीने खाल्ले. सूनबाईंसाठी चीजशिवाय भाज्यांचा करून दिला. परदेशात शाकाहारी वृद्धाला काय चालेल असे कोणी विचारले तर मी भट्टीवरच्या ताज्या पिझ्झाचे नाव घेईन. त्यात लपवण्यासारखे काही नसते, जे आहे ते वर दिसते.

दुपारनंतर ‘द लँड’ या दालनात गेलो. तिथे लहान होडीतून हरितगृहांमधून फिरवून आणतात. मातीविना, नुसत्या पाण्यावर वाढवलेल्या भाज्या, वरून लोंबणारे वेल, मुळे हवेत असलेली रोपे, केळी, पपई आणि चक्क फणस. बेळगावच्या भोवतालची गावे भाजीपाल्यावर जगतात आणि तो गोव्यापर्यंत जातो. त्या मातीतली माझी आई फणस पाहून होडीत उठून उभीच राहायची बाकी होती. या हरितगृहांतला काही माल त्याच इमारतीतल्या उपाहारगृहांत वापरला जातो. त्यांतले एक म्हणजे वरच्या मजल्यावरचे गार्डन ग्रिल, आणि नातीसाठी राखलेले एकमेव टेबल आम्ही तिथेच घेतले होते; दिवसातून एकदाच बसायचे हा नियम त्या दिवसापुरता मोडला.

डिस्नीची पात्रे टेबलापाशी येऊन भेटतात अशी जेवणे परिसरात अनेक ठिकाणी आहेत आणि ती महाग असतात. प्रत्येक पार्कमध्ये असे एक जेवण घेणारी कुटुंबे आम्ही पाहिली. आमच्या मते एक पुरे, आणि ते पोरांना हवे त्या पात्रापेक्षा मोठ्यांना जेवता येईल अशा ठिकाणी असावे. गार्डन ग्रिल हे संपूर्ण रेस्टॉरंट अगदी संथ गतीने फिरत राहते. खालच्या होडीच्या वाटेवरचे पर्जन्यवन, वाळवंट, गवताळ मैदान हे देखावे एकामागून एक शेजारून सरकतात. जेवण पंगतीसारखे मधोमध ठेवून वाढून घेण्याचे असते आणि संपले की पुन्हा आणून देतात. सांगितल्याप्रमाणे आई, सौ. आणि सूनबाईंसाठी वनस्पतीजन्य पदार्थांचे वेगळे ताट आले. मिकी, प्लूटो आणि चिप व डेल या खारी टेबलापाशी आल्या. त्यांपैकी एकीने आईच्या पदराचे टोक हातात धरून मान डोलावली आणि नात इतकी हसली की तिचे जेवण तिथेच थांबले. मला सर्वांत अधिक भावले ते हे की त्या टेबलावर सहाही जणांची भूक एकाच वेळी भागली.

बिलाविषयी दोन शब्द. मेनूवरच्या किमतीवर तिथे साडेसहा टक्के विक्रीकर लागतो आणि सहा किंवा अधिक माणसे असली की 18 टक्के सेवामूल्य आपोआप जोडले जाते. म्हणजे शंभर डॉलरचे जेवण साडेचोवीस डॉलरनी वाढते. हे आधी धरले नाही तर तिसऱ्या दिवसापासून हात आखडता घ्यावा लागतो, आणि त्याची झळ नेमकी कमी खाणाऱ्या माणसालाच लागते, कारण ‘मला काही नको’ असे म्हणणारे तेच पहिले असते.

मंगळवार : हॉलिवूड स्टुडिओज

हॉटेलातून स्कायलायनर नावाच्या रोपवेने गेलो. इथले सर्वांत गाजलेले ठिकाण म्हणजे साय-फाय डाइन-इन : अंधारात ताऱ्यांनी भरलेले छत, समोर जुन्या चित्रफितींचा पडदा, आणि बसायला मोटारीच्या आकाराची टेबले. मुलाच्या मनात ते होते. परंतु गाडीत ओळीने बसल्यावर सगळ्यांची तोंडे पडद्याकडे; आईला आत चढणे अवघड, आणि तिच्या ताटात काय आले ते पाहायला मान वळवावी लागणार. म्हणून ते आरक्षण ठरलेल्या मुदतीत रद्द केले. जेवणाच्या वेळेच्या दोन तास आधीपर्यंत रद्द करता येते. न कळवता गैरहजर राहिल्यास बहुतेक ठिकाणी माणशी दहा डॉलर कापून घेतात.

त्याऐवजी 50’ज प्राइम टाइम कॅफेमध्ये गेलो. हे जुन्या अमेरिकन घराच्या स्वयंपाकघरासारखे सजवलेले आहे, आणि वाढणारी बाई घरातली मावशी असल्यासारखी वागते. कोपरे टेबलावरून खाली घ्या, भाजी संपवल्याशिवाय उठायचे नाही, अशी ती दटावते. इंग्रजी न कळणाऱ्या आईला तिचा आवाज आणि बोट पुरेसे होते. नातीच्या ताटातल्या घेवड्याच्या शेंगांकडे दोघींनी एकदमच बोट दाखवले. माझा भाजलेल्या मांसाचा बेत उत्तम होता. आईचे ताट साधे, पण विचारून केलेले आणि मीठ घातलेले होते.

टॉय स्टोरी लँडमधल्या वूडीज लंच बॉक्समधले चीज सँडविच आणि टोमॅटोचे सार नातीला पसंत पडले. तिथे सावली फार थोडी आहे; अकराच्या आत जावे.

बुधवार : विश्रांती आणि संकष्टी

या दिवशी पार्कचे तिकीट घेतलेच नव्हते. सूनबाईंनी बेळगावच्या दिनदर्शिकेवर विसंबून न राहता ऑर्लँडोच्या रेखांशाचे पंचांग पाहून तिथी निश्चित केली होती. तिथला मे महिन्यातला सूर्यास्तच सव्वाआठच्या आसपास होतो, त्यामुळे संकष्टीचा चंद्र दिसायला रात्रीचे अकरा वाजतात.

आदल्या रात्री भिजवलेल्या साबुदाण्याची खिचडी मायक्रोवेव्हमध्ये चांगली होते, हे इथे मुद्दाम नोंदवतो. साबुदाणा, दाण्याचे कूट, मीठ, थोडी साखर आणि तूप एकत्र कालवून झाकण ठेवायचे आणि मिनिटा-मिनिटाने ढवळायचे. जिऱ्याची फोडणी मिळत नाही, पण दाणा मोकळा राहतो. उकडलेले बटाटे, केळी आणि राजगिऱ्याचे लाडू सोबतीला होतेच. केळी आणि दूध मागवलेल्या किराणा मालातून आले होते; दुकानाची गाडी माल हॉटेलच्या दाराशी आणून देते. आईने उपासाचे निमित्त करून कोणालाही खोलीत अडकवून ठेवले नाही. बाकीच्यांनी खालच्या फूड कोर्टमध्ये जेवावे, असा तिचा आग्रह होता. रात्री तलावाकाठच्या मोकळ्या जागेतून चंद्र दिसला. खोलीत गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवून वरण-भात आणि करदंटाचा तुकडा यांवर उपास सुटला. संपूर्ण मुक्कामातले सर्वांत स्वस्त जेवण हेच, आणि त्यासाठीच मायक्रोवेव्हची खोली घेतली होती.

गुरुवार : अ‍ॅनिमल किंगडम आणि सना

हे पार्क 22 एप्रिल 1998 रोजी, वसुंधरा दिनी सुरू झाले. प्राण्यांना इजा होऊ नये म्हणून इथे पेयांना प्लॅस्टिकची नळी देत नाहीत. आशिया विभागात आनंदापूर नावाचे काल्पनिक राज्य उभारले आहे. पडके राजवाडे, वाघ आणि भिंतींवरची रंग उडालेली चित्रे पाहून आई म्हणाली की हे बदामीच्या वाटेवरचे वाटते. दुपारी पँडोरा विभागातील सातुली कँटीनमध्ये काउंटरवरून ताटे घेतली. तिथे तळाला भात, नूडल्स किंवा पालेभाजी यांपैकी एक आणि त्यावर आपल्या पसंतीचे मांस किंवा तिखट लावलेला टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) घेता येतो. जिथे प्रत्येकाला आपले ताट स्वतः जुळवता येते अशी काउंटरची जागा मिश्र आवडीच्या कुटुंबाला नेहमीच सोयीची. सूनबाईंनी टोफू, मी मांस. दोघांचा भात एकच.

पण या दिवसाचे, आणि माझ्या मते सगळ्या प्रवासाचे, जेवण संध्याकाळचे. अ‍ॅनिमल किंगडम लॉज हे पार्कपासून बसने जाण्याच्या अंतरावरचे हॉटेल. त्याच्या किदानी व्हिलेज या भागात सना नावाचे रेस्टॉरंट आहे. तिथे जेवायला पार्कचे तिकीट लागत नाही आणि त्या हॉटेलात उतरलेले असण्याचीही अट नाही. आफ्रिकेच्या स्वयंपाकाला हिंदुस्थानी चव दिलेली, आत तंदूर, आणि बाहेर मोठ्या काचांपलीकडे गवताळ रान, ज्यात जिराफ, झेब्रे आणि लांब शिंगांची गुरे मोकळी फिरतात. मार्चमध्ये साडेतीनच्या ठोक्याला सर्वांत पहिले टेबल आम्ही हेच घेतले होते, आणि वेळ साडेपाचची मागितली होती, कारण उजेड असेपर्यंतच प्राणी दिसतात.

इथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ब्रेड सर्व्हिस : पाच प्रकारच्या रोट्या आणि तोंडी लावायला नऊ वाट्या. साधा नान, आले-लसणाचा नान, मसाल्याचा नान, कांद्याचा कुलचा आणि पनीरचा पराठा. वाट्यांत काकडीची कोशिंबीर, कोथिंबिरीची चटणी, चिंचेची चटणी, आंब्याची चटणी, टोमॅटो-खजुराचा मुरंबा, लाल मिरचीचा ठेचा, भाजलेल्या ढोबळी मिरचीचे हुमुस (काबुली चण्याची चटणी), लसणाचे लोणचे आणि हिरव्या मिरचीचे लिंबू घातलेले लोणचे. आचारीण बाहेर आली, कोणत्या रोटीत अंडे आणि कोणत्या वाटीत दूध आहे ते तिने एकेक करून सांगितले, आणि त्याप्रमाणे आईच्या व सूनबाईंच्या वाट्या वेगळ्या ठेवल्या गेल्या.

आईने सुरुवात लसणाच्या लोणच्यापासून केली. रोटीचा लहान तुकडा मोडून तिने तो वाटीत जेमतेम टेकवला, जिभेवर ठेवला, आणि मग दुसऱ्यांदा चांगला भरून घेतला. चिंचेची चटणी तिला गोडसर वाटली, ठेचा पुरेसा झणझणीत. आंब्याच्या चटणीविषयी तिने काही न बोलता ती वाटी नातीकडे सरकवली. नऊपैकी कोणती वाटी कोणाच्या हाताला लागेल यावरून टेबलावर जी गडबड चालली होती, तिच्यात मुलगा आणि मी मागवलेले मांस निवून गेले. सौ. कुलच्याचा तुकडा तोडत असताना काचेपलीकडून एक जिराफ इतक्या जवळून गेला की त्याच्या मानेवरचे केस दिसत होते. आईने त्याच्याकडे पाहिले, हातातला घास संपवला, आणि वाढणाऱ्या मुलीला खुणेनेच आणखी एक साधा नान मागितला. परदेशात उतरल्यापासून तिने स्वतःहून दुसऱ्यांदा काही मागितले ते इथेच.

इथली चव अस्सल आहे का, असा प्रश्न आपल्याकडचे जाणकार विचारतील. तो प्रश्न मला गौण वाटतो. आपल्या तंदुरी हॉटेलांशी तिची तुलना करायला कोणी इतक्या दूर जात नाही. घरातल्या ज्या माणसाला इतर सर्व ठिकाणी ‘यात काय आहे?’ असे विचारत बसावे लागते, त्याला इथे निवड करण्याचे सुख मिळते. शिवाय सहा जणांत दोन ब्रेड सर्व्हिस आणि दोन मांसाची ताटे पुरली, आणि आदल्या रविवारच्या त्या झगमगत्या जेवणाच्या निम्म्याहून कमी खर्च आला.

शुक्रवार : डिस्नी स्प्रिंग्ज

विमान रात्रीचे होते, म्हणून सामान हॉटेलात ठेवून बसने डिस्नी स्प्रिंग्जला गेलो. हा दुकानांचा आणि रेस्टॉरंटांचा मोठा बाजार आहे. आत जायला तिकीट लागत नाही. आठवडाभर आईच्या ताटाप्रमाणे चालल्यानंतर हा दिवस मुलाला आणि मला दिला होता. आम्ही दोघे भाजलेल्या मांसाच्या ठिकाणी गेलो; आई, सौ., सूनबाई आणि नात यांनी जवळच एका काउंटरवरून भाज्यांचा पिझ्झा आणि फळे घेऊन तलावाकाठच्या सावलीत जेवण केले. एकत्र कुटुंबाने एकाच टेबलावर जेवलेच पाहिजे, हा आग्रह अशा जागी एखाद्या दिवशी सोडावा. दोन्हीकडची जेवणे तासाभरात आटोपली, बिले वेगळी आल्यामुळे सहा माणसांचे आपोआप लागणारे सेवामूल्यही लागले नाही, आणि दुबईच्या विमानात आईसाठी शाकाहारी जेवण नोंदवले आहे की नाही ते सूनबाईंनी बसमध्ये बसल्या बसल्या पुन्हा एकदा तपासून घेतले.